बीजाचे चार पेले

पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे तान्हा पोळा. सकाळची वेळ, आभाळ भरलेलं, पाऊस नाही. जागा : दिग्रसला आमच्या घरामागची पत्र्याची शेड. हजर : बाबा, हातात करवत. आई, शेडच्या दारात, आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या तव्यावर गरम करून आमची वाट पाहत असलेली. सलीमचाचा खरादवाले, यंत्रावर लाकूड गोल कातून देणारे, उलट्या बादलीवर बसलेले. मी, वंदना, नुकतीच अकरावीत गेलेली आणि शेडमधल्या कामाची अर्धी हक्कदार. आणि मधोमध जमिनीवर आडवी पाडलेली एक मोठी मांडणी, जिचं लाकूड कोणतं हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. आज हजेरी मांडताना मी त्या मांडणीलाही माणसांतच धरते.

बाबा मोजणी खात्यात नोकरीला होते. आठवडाभर लोकांची शेतं मोजायची आणि रविवारी लाकूड. वखारीतलं नवं लाकूड त्यांनी कधी घेतलं नाही. वखारवालाच सांगून टाकतो कोणतं ते, मग त्यात आपल्याला करायला काय उरलं, असं ते म्हणत. त्यांना जुनं सामान हवं असे. मोडका पलंग, दिवाणाची फळी, कुणाच्या तरी देवघराचा सांगाडा. वर तीन-चार रंगांचे थर, तेल, धूर. आधी आतली, रंग न पोचलेली बाजू खरवडायची. मग टोकाला नव्या पात्यानं आडवा काप घ्यायचा, ओल्या बोटानं तो पुसायचा आणि भिंगाखाली धरायचा. ताज्या ढलपीचा वास घ्यायचा. एकाच मापाचे दोन तुकडे स्वयंपाकघरातल्या तराजूत घालायचे, म्हणून आईची बोलणी खायची. शेडच्या भिंतीवर खिळ्यांना सागवान, शिसम, ऐन, धावडा, तिवस, खैर असे नमुन्याचे तुकडे टांगलेले असत. ते ओळीनं लावणं, खाली नाव लिहिणं आणि नवा तुकडा आला की जागा करून देणं माझ्याकडे होतं. मला ती भिंत शाळेतल्या कुठल्याही फळ्यापेक्षा आवडायची.

त्या वर्षांत जुनं लाकूड फार यायचं. याचा अर्थ आम्ही लावला नव्हता. कापूस एकामागून एक हंगाम दगा देत होता, जिनिंगची घरघर दिवाळीआधी सुरू व्हायची ती लांबत चालली होती, बसस्टँडकडच्या ओळीतली शटरं एकेक करून पडत होती, आणि भंगारवाल्याच्या अंगणात गल्ल्याची टेबलं, तागड्या, बाकं आणि मांडण्या आभाळाखाली भिजत पडलेल्या असत. बाबांचा मात्र रविवार सोन्याचा जाई. ते सायकलला दोरी बांधून सामान आणत आणि सांगत, असं लाकूड आता जंगलातही मिळत नाही. लाकडानं भरत चाललेली ती शेड आज डोळ्यांपुढे आली की अंगावर काटा येतो. गावातली एवढी घरं आणि दुकानं रिकामी होत होती, आणि आम्ही ढलप्यांचे वास घेत बसलो होतो.

बाहेर गल्लीत पोरं लाकडी बैलांच्या चाकांचा खडखडाट करत घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागत हिंडत होती. आत बाबांनी मांडणीच्या एका खांबाचा आडवा काप घेतला. पिवळसर तपकिरी, मधासारखा रंग.

"बीजा," सलीमचाचा बादलीवरूनच म्हणाले.

"हात न लावता?"

"साहेब, माह्या बापानं जिंदगीभर पलंगाचे पाय काढले. लाकूड मले दुरून सलाम करते."

"मग हा वास काहून येऊन राह्यला? बीजाला असा वास नसते."

"दुकानातलं सामान हाय. तेल सांडलं असंल, रॉकेल सांडलं असंल. रंध्याखाली निघून जाते."

"तुम्ही दोघं त्या लाकडाचं लग्न जमवून राह्यले काय?" आई दारातून म्हणाली. "पोळ्या दुसऱ्यांदा गरम केल्या. तिसऱ्यांदा नाही करणार."

बाबांनी मला वाटीभर पाणी आणायला पाठवलं. खांबाच्या वरच्या टोकाच्या चार ढलप्या त्यात टाकल्या आणि आम्ही पोळ्या खायला गेलो. दूध, तूप, पोळी, वर कढी. परत आलो तेव्हा ऊन पडलं होतं. वाटीतलं पाणी पिवळं झालं होतं आणि बाबांनी ती उन्हात तिरपी धरताच कडेला निळी झाक उठली, मोराच्या मानेवर असते तशी. बीजाची ही खूण आमच्याकडे पुष्कळांना माहीत आहे. म्हणून तर साखरेचा आजार असलेली माणसं बीजाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवतात आणि सकाळी पितात. सलीमचाचांनी बाबांकडे पाहून दोन्ही हात पसरले, आता तरी माना या अर्थानं.

आईला त्याच उन्हाळ्यात साखर निघाली होती. गोळ्या सुरू होत्या, गोड बंद होतं, आणि ती त्या दोन्हींवर रुसलेली होती. पेला करायचा हे त्या क्षणी ठरलं, कुणी बोलून दाखवायची गरज पडली नाही. प्रश्न एवढाच होता की खांबाचा कोणता भाग घ्यायचा. चारही खांब वर साधे, सरळ रेषांचे होते. पण खाली, जमिनीवर टेकणाऱ्या टोकाला, आतून काळपट हिरव्या नसा वर चढत गेल्या होत्या, हातभर उंच, आगीच्या जिभांसारख्या. बाबा त्यांच्यावरून अंगठा फिरवत राहिले. जुन्या बीजाची नस अशी असते, ते म्हणाले. झाड म्हातारं झालं की गाभ्यात रंग साचतो. चाचांनी मान डोलावली. असा माल त्यांनीही पाहिला नव्हता, पण तसं कबूल करणं त्यांच्या धंद्याला शोभलं नसतं. चार खांबांची चार खालची टोकं कापून ते घेऊन गेले, आणि एक पातळ चकती मी भिंतीवर टांगली. खाली लिहिलं : बीजा, जुना, नसदार.

पेले देखणे झाले. चाचांनी खरादवर ते इतके पातळ काढले की उन्हात धरले तर हिरव्या नसा पारदर्शक वाटाव्यात. बुडाला बाबांनी तापल्या खिळ्यानं तीन ठिपके टोचले, ती त्यांची खूण. एक पेला आईला. एक वणीच्या आत्याला, कारण तिच्या यजमानांना साखर होती. एक चाचांच्या घरी, शकीलाचाचींना. एक आई स्वतः पुसदला मामाकडे नेणार होती. पेले आणायला मी चाचांच्या दुकानात गेले होते तेव्हाची एक गोष्ट लक्षात आहे. त्यांची मांजर दर वर्षी ढलप्यांच्या ढिगातच वीत असे. त्या दिवशी ती पिल्लांची मानगुट धरून एकेक पिल्लू ढिगातून बाहेर नेत होती आणि उघड्या सिमेंटवर ठेवत होती. "पागल झाली," चाचा म्हणाले आणि हाताची बोटं खाजवत राहिले.

आमच्या घरामागच्या कुंपणापलीकडे कपाशी होती. पोळ्यानंतर फवारणी जोरात असते. पाठीवर पंप घेतलेली माणसं, तोंडाला रुमाल, आणि वाऱ्याबरोबर तो वास घरात. जिभेच्या मुळाशी बसणारा, गोडसर आणि घाण. खिडक्या लावल्या तरी पिठाच्या डब्यापर्यंत पोचणारा. दर वर्षीचंच ते होतं. त्या वर्षी वास जास्त आहे असं आई एकदा म्हणाली, तर बाबा म्हणाले, "अळी जास्त हाय, फवारणी जास्त."

आई रोज सकाळी तोंड धुतलं की पेल्यातलं पाणी पिऊन टाकी. कडू लागतं म्हणे. बीजा कडूच असतो. गणपती उठले तेव्हा तिला सकाळी डोकं दुखायला लागलं होतं. नवरात्रात तोंडाला सारखं पाणी सुटायचं, ती बोलता बोलता पदर ओठांना लावायची. ती बालवाडीत शिकवत असे. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आज पोरं हसली माह्यावर. फळ्यावरचा ग नाचून राह्यला होता." दारातली रांगोळीही तिनं त्या दिवसांत सोडून दिली. आम्ही गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. साखर आहे, नजर अंधुक होते, घाम येतो, थरथर होते, ते म्हणाले, आणि त्यात चूक काही नव्हतं. रिपोर्टात साखर उतरलेली निघाली तेव्हा बाबांना आनंद झाला. आई जेवत नव्हती म्हणून ती उतरली होती. पण आमच्या घरात त्याचं श्रेय पेल्याला गेलं आणि त्या रात्रीपासून बाबा स्वतः आठवणीनं त्यात काठोकाठ पाणी भरू लागले.

स्वयंपाकघरातल्या ज्या फळीवर तो पेला असे, तिच्यावरच गुळाचा डबा होता. मुंग्यांची रांग खिडकीतून यायची, फळीवर चढायची, आणि पेल्याच्या अलीकडे वाकडी होऊन लांबून वळसा घालून गुळाकडे जायची. मी ते रोज पाहत होते. मला ते मजेचं वाटत होतं.

दसरा झाला आणि कापूस फुटला. मागचं शेत पांढरं झालं, वेचायला बाया येऊ लागल्या, पंपवाली माणसं दिसेनाशी झाली. दिवाळीआधीचा एक रविवार, भर दुपार. वारा नव्हता, जो होता तो शाळेकडून, म्हणजे शेताच्या उलट दिशेनं येत होता. आई उन्हातही शाल घेऊन आडवी झाली होती. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले आणि तो वास आला. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. वेचणाऱ्या बाया बांधावर भाकरी खात बसल्या होत्या, एकीचं लेकरू कापसाच्या गाठोड्यावर झोपलं होतं. तिथे फवारणी नव्हती. कितीतरी दिवसांत नव्हती. मी स्टोव्ह बंद केला, भांड्यांना नाक लावलं, मोरीत वाकले, पिठाचा डबा उघडला. मग पेल्यावरची ताटली उचलली.

बाबा शेडमध्ये होते. मी पेला त्यांच्यासमोर धरला. "हुंगा."

त्यांनी हुंगला. "फवारणीचा वास हाय."

"बाबा, फवारणी कधीची बंद झाली."

ते उठले, कुंपणापर्यंत गेले आणि शेताकडे पाहत उभे राहिले. परत आले. भिंतीवरून त्यांनी ती नसदार चकती काढली, पटाशीनं तिच्या ढलप्या केल्या आणि मला गरम पाणी आणायला सांगितलं. दुसऱ्या वाटीत त्याच खांबाच्या वरच्या टोकाच्या ढलप्या टाकल्या. दोन्ही वाट्या शेजारी शेजारी. वरच्या टोकाच्या वाटीतून ओल्या लाकडाचा वास आला, बस. चकतीच्या वाटीतून जे वर आलं त्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्हींतल्या पाण्यावर निळी झाक सारखीच होती. लाकूड त्यांनी बरोबर ओळखलं होतं. नसा ओळखण्यात चुकले होते.

मला कॅरिअरवर बसवून बाबा भंगारवाल्याकडे गेले. तो खाटेवर बसून सुपारी कातरत होता.

"ती मांडणी कुठून आलती?"

"कोणती? मोठी? कृषी केंद्रातली, स्टँडमागच्या. दोन सीझन कापूस गेला, गिऱ्हाईक गेलं, अन तोही गेला शटर पाडून. कायले? कीड निघाली काय?"

"खालच्या कप्प्यात काय ठेवत होता तो?"

"डबे. फवारणीचे. गळके, फुटके सारे खालीच टाकत होता. फरशी पाहा ना जाऊन त्याची, हिरवी झाली हाय." मग त्यानं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सुपारी खाली ठेवली. "काय केलं साहेब तुम्ही त्याचं?"

बाबा सायकलवर बसले नाहीत. हातात धरून चालत राहिले आणि मी मागून. वर्षानुवर्षं ते खांब त्या ओलीत उभे होते आणि दिव्याची वात तेल ओढते तसं खालच्या टोकानं ते वर ओढत राहिले होते. वाटेत बाबा एवढंच म्हणाले, "सारं विचारलं मी त्या लाकडाला. उभं कुठे होतं ते नाही विचारलं." आज यवतमाळला माझं स्वतःचं काम आहे, जुन्या लाकडाचं फर्निचर करते, हाताखाली माणसं आहेत. कुणी जुनं सामान आणून टाकलं की भिंग नंतर. आधी ते कुठल्या घरात, कुठल्या कोपऱ्यात, कशाशेजारी उभं होतं ते मी विचारते. सांगता येत नसेल तर परत पाठवते. लोकांना वाटतं, बाई जरा तऱ्हेवाईक आहे.

आईला त्याच संध्याकाळी जीपनं यवतमाळला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं आणि विचारलं, घरी फवारणी कोण करतं. बाबांनी पिशवीतून पेला काढून टेबलावर ठेवला. त्यांना ते समजावून सांगायला वेळ लागला. आई वाचली. पण वॉर्डात तिच्या दोन्ही बाजूंना फवारणी करून आलेली माणसं होती आणि त्यांतल्या एकाची खाट एका सकाळी रिकामी दिसली. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे.

मग उरलेले तीन पेले गोळा करायचे होते. मी कागद घेतला, तीन नावं लिहिली. शकीलाचाचींनी त्यात सुया ठेवल्या होत्या. "मले कुठं साखर हाय?" त्या म्हणाल्या. चाचा खाटेवर बसून होते, बोटांच्या बेचक्या सोललेल्या. आत्याकडचा पेला वणीहून कोळशाच्या ट्रकवाल्याबरोबर आला. तिच्या यजमानांनी चार दिवस पाणी पिऊन कडू लागतं म्हणून सोडून दिलं होतं. त्यांच्या हट्टीपणाबद्दल आत्यानं आयुष्यात पहिल्यांदाच देवाचे आभार मानले. पुसदला बाबा स्वतः गेले. मामा म्हणाला, "कोणता पेला?"

बाबा थेट दवाखान्यात आले. आई उशीला टेकून बसली होती. मी तिला मोसंबी सोलून देत होते, कारण तिला ती सोलता येत नव्हती.

"मामाचा पेला कुठं हाय?"

"तो होय," आई म्हणाली, "तो मी बसमध्ये देऊन टाकला. दसऱ्याच्या आधी गेलते ना पुसदला, तेव्हा. शेजारी एक बाई बसली होती. नवऱ्याच्या साखरेचं सांगत होती सारखी, पायाची जखम भरून नाही राह्यली म्हणे. मी म्हटलं, घेऊन जा हा, रात्री पाणी ठेव, सकाळी पाज."

"कोण बाई?"

"महागावची. पुसदहून पुढची गाडी धरणार होती. सीताफळांची टोपली होती तिच्याजवळ, दोन मले दिली."

"नाव?"

"नाव कायले विचारू? बसमधली ओळख." तिनं मोसंबीची फोड हातात घेतली. "पेला दिला तर तिनं डोळ्यांना लावला." फोड तिच्या बोटांत थरथरत होती. ती त्या बोटांकडे पाहत राहिली आणि मग फोड तिनं ताटलीत परत ठेवली.

बाबा महागावला गेले. बाजाराच्या दिवशी गेले, स्टँडवर उभे राहिले, सीताफळं विकणाऱ्या बायांना विचारलं, डॉक्टरांच्या कंपाउंडरांना तीन ठिपक्यांची खूण काढून दिली. पुढच्या बाजारालाही गेले. आसपासच्या खेड्यांतून मोजणीची कामं मुद्दाम मागून घेतली आणि साखळी ओढता ओढता घरोघर पाणी मागत राहिले, म्हणजे फळीवर काय आहे ते दिसेल. कुणी काही सांगितलं नाही. निवृत्तीनंतर ते शेडमध्ये फारसे गेले नाहीत. भिंतीवरचे तुकडे मी उतरवून घेतले. आई पुष्कळ वर्षं जगली. सही करताना डाव्या हातानं उजवा हात धरायची. फळ्यावर तिनं पुन्हा लिहिलं नाही.

तीन पेले माझ्याकडे आहेत, पत्र्याच्या डब्यात, कारखान्याच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात. जाळता येत नाहीत, पुरावेसे वाटत नाहीत. एखाद्या उन्हाळ्यात झाकण उघडलं तर वास अजून येतो. बीजाला वाळवी लागत नाही, तो सहजी तडकत नाही. नीट ठेवला तर दोन पिढ्या टिकतो, असं बाबा देताना सगळ्यांना सांगत असत. त्या बाईलाही आईनं हेच सांगितलं असणार.

सोमवारी सकाळी आठवड्याच्या कामांची यादी करायची मला सवय आहे. माल कुठून उचलायचा, पॉलिश कुणाचं राहिलं, कुणाला फोन करायचा. झालं की त्यावर रेघ मारते आणि नवा कागद घेते. सगळ्यात खालची ओळ मात्र मी दर वेळी नव्या कागदावर उतरवून घेते. या आठवड्याच्या यादीतही ती आहे. महागाव, बाजाराचा दिवस. पेला, बुडाला तीन ठिपके.